वस्ती श्रीमंत झाली, माणसं कुठं गेली?

आज आम्ही मुंबईच्या गिरणगावाबद्दल बोलणार आहोत. औंढ्यात बसून मुंबईचं कशाला, असं वाटेल. त्याचं कारण पुढं येईलच.

परळ, लालबाग, वरळी, शिवडी या भागात एके काळी कापडाच्या साठेक गिरण्या होत्या. कोकणातून, साताऱ्याकडून पुरुष एकटे यायचे, बायकापोरं गावाकडं. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीनं झोपायचे. त्यांना जेवू घालायच्या खानावळवाल्या बाया. शिक्षण नाही, भांडवल नाही, उधारीवर किराणा आणि सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचतगट हा शब्द आपल्याकडं यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारपणाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. हा संप मागं घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. जेवणारेच गेले, तर खानावळ कुणासाठी चालवायची? संपाच्या हिशोबात या बायांचं नाव फारसं कुणी घेत नाही, हे आम्हाला खटकतं.

मग जमिनीला भाव आला. १९९१ च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेला, एक घरांना आणि एक मालकाला, असा ढोबळ हिशोब ठरला होता. २००१ साली नियम बदलला. फक्त रिकामी पडलेली जमीनच वाटणीत धरायची, असं झालं. बांधकामाखालच्या जमिनीला वाटणी लागेना आणि लोकांचा वाटा आकसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल मान्य केला. दादरच्या कोहिनूर गिरणीची जमीन २००५ साली ४२१ कोटींना विकली गेली. फिनिक्स गिरणीचा मॉल झाला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत मात्र निघाली २०१२ साली, संपानंतर ३० वर्षांनी. अर्ज दीड लाखाच्या घरात आणि घरं काही हजार.

चाळ पाडून टॉवर झाला की जुन्या भाडेकरूला वर फ्लॅट मिळतो. पण लिफ्ट, पाणी, वॉचमन यांचा महिन्याचा खर्च झेपत नाही. पोरं मोठी होतात, फ्लॅट विकून पैसे वाटून घेतात आणि विरार नाहीतर कल्याणच्या पुढं जातात. जनगणनेतही ते दिसतं. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली, आणि ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून ११० लाखांवर गेली. वस्तीचं उत्पन्न वाढलं म्हणतात. पण मोजलेली माणसंच दुसरी असली, तर जुन्यांचं काय वाढलं?

आता आपल्याकडं बघा. दुधाळ्याला लायगोची मोठी प्रयोगशाळा होतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. नागनाथाच्या दर्शनाला माणूस येतोच. रस्ता, लॉज, प्लॉट हे सगळं मागोमाग येणार, आणि येऊ द्या, आमचा विरोध नाही. पण प्लॉट विकताना सही कुणाची लागते? ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याची. स्वयंपाकघर जिचं, तिला विचारायची कागदाला गरज नसते.

नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडं अर्ज करायचा, नवऱ्याची संमती लागते. गावातलं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दोघांच्या नावानं लावता येतं. येत्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना आठचा उतारा घेऊन यावं. जिला वाचता येत नाही तिला आम्ही वाचून दाखवू, नाव कुणाचं आहे ते.