मोटारींतील हवेचा उष्णतामापक

[नभोवाणीवरील भाषण]



आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें, ती बोटाच्या पेरापेक्षां फारशी मोठी नाहीं. अलीकडच्या बहुतेक मोटारींत ती असते. परंतु मोटार बाळगणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं ती डोळ्यांनीं पाहिली असेल. इंजिनांत शिरणारी हवा किती ऊन आहे तें मोजून मोटारीच्या संगणकास कळविणें, एवढेंच तिचें काम. कारागीर तिला हवेच्या तपमानाचा सेन्सर म्हणतात. मी कांहीं यंत्रविद्येचा पंडित नव्हें. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. पण गेल्या माघांत या वस्तूपायीं एका गरीब मुलावर मीं भलताच आरोप केला. तो प्रकार सांगणें मी माझें कर्तव्य समजतों. आणि तो नीट उमजावा म्हणून प्रथम या वस्तूचें शास्त्र थोडक्यांत सांगतों.

मोटारीस हवेच्या उष्णतेची एवढी पंचाईत कशाला? पेट्रोल नीट जळावयाचें तर एक ग्रॅम पेट्रोलास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. हा हिशेब वजनाचा आहे; परंतु इंजिन हवा ओढतें ती आकारमानानें. हवा तापली कीं फुगते आणि विरळ होते. समुद्रसपाटीवर शून्य अंश सेंटिग्रेडची एक घनमीटर हवा सुमारें १२९३ ग्रॅम भरते. तीच जागा ४० अंशांच्या हवेनें भरली तर वजन होतें सुमारें ११२७ ग्रॅम. म्हणजे पौषांतल्या पहांटे आणि वैशाखांतल्या दुपारीं इंजिनानें सारखाच घोट घेतला, तरी त्यांतील हवा सारखी नसते. पुष्कळ मोटारींत संगणक हवेचा दाब व तपमान यांवरून तिचें वजन काढतो आणि त्या मानानें पेट्रोल सोडतो.

या उष्णतामापकाच्या आंत एक मणी असतो. धातूची तार तापली कीं विजेच्या प्रवाहास तिचा विरोध वाढतो. या मण्याचा विरोध मात्र तापल्यावर कमी होतो. पदार्थाचा हा उलटा स्वभाव मायकेल फॅरडे यांस १८३३ सालीं रौप्याच्या गंधकयुक्त संयुगांत आढळला होता. प्रचारांतील एका सामान्य जातीच्या मण्याचा विरोध २० अंशांस सुमारें २५०० ओहम असतो, तो ८० अंशांस तीनशेंच्या आसपास उतरतो. संगणक या मण्याकडे ५ व्होल्टांचा दाब एका ठराविक विरोधांतून पाठवितो आणि मण्यापाशीं किती दाब उरला तें वाचतो. दाब जास्त तर हवा थंड, कमी तर हवा ऊन. यावरून एक गोष्ट सहज निघते. तार तुटली तर पुरे ५ व्होल्ट उरतात, आणि संगणकास वाटतें कीं बाहेर कडाक्याची थंडी आहे. बहुधा तो उणें ४० अंश दाखवितो. उलट दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर दाब शून्यावर येतो, आणि संगणकास भट्टीचा भास होतो. एवढें ध्यानांत ठेवलें कीं निम्में निदान झालें.

आतां माझी हकीकत. गेल्या माघांत माझ्या मोटारीच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमधील मुलानें स्कॅनर लाविला. त्यावर पी ०११३ हा सांकेतिक आंकडा आला. त्याचा अर्थ, हवेच्या उष्णतामापकाच्या मंडलांत दाब फाजील आहे. त्यानें मापक बदलला, दिवा विझला. आठ दिवसांनीं दिवा पुन्हां लागला. पुन्हां नवा मापक, पुन्हां पैसे. आणि बारा दिवसांनीं तोच दिवा! मी तडक गॅरेजांत गेलों आणि तेथें बसलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर त्या मुलास म्हणालों, “तूं नकली माल बसवून अस्सलाचे पैसे घेतलेस.” मालकानें माझी बाजू घेतली व त्यास दुसऱ्या दिवसापासून येऊं नकोस म्हणून सांगितलें. तो मुलगा एवढेंच म्हणाला, “सर, पैसे देऊं नका. पण गाडी आजची रात्र इथं ठेवा. सकाळीं मला एकदां वायर तपासूं द्या.”

सकाळीं मी गेलों. रात्रभर उभी असलेली मोटार पुरती निवाली होती. त्यानें इंजिन सुरू न करतां नुसती किल्ली फिरवून स्कॅनर लाविला. हवा १७ अंश, इंजिनांतील पाणी १८ अंश. भिंतीवरचा थर्मामीटरही १७ अंश. थंड मोटारींत हे तीनही आंकडे दोनचार अंशांच्या आंत जुळावे लागतात. ते जुळले, म्हणजे मापक खरें बोलत होता. मग त्यानें मापकाकडे जाणारी वायर बोटांनीं हळूच हलविली. पडद्यावरचा आंकडा क्षणांत उणें ४० झाला आणि पुन्हां १७ वर आला. त्यानें कपलर सोडविला व त्याचीं दोन टोकें तारेच्या तुकड्यानें जोडलीं. आंकडा शंभराच्या वर जाऊन तेथें स्थिर राहावयास हवा होता. तो वरखालीं नाचूं लागला. मापक निर्दोष, दोष तारेचा! वरचें वेष्टन शाबूत होतें. पण कपलरपासून दोन बोटांवर आंतले तांब्याचे तंतू एकदोन खेरीज सारे तुटले होते. नवा मापक बसवितांना वायर हलून तंतू जुळत, आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनीं पुन्हां सुटत. म्हणूनच प्रत्येक नवा मापक कांहीं दिवस गुणकारी वाटे.

तो म्हणाला, “सर, कपलरची खीळ न दाबतां कुणीतरी वायरीला धरून ओढलंय.” तें कोणी ओढलें, हें मला तत्काळ आठवलें. दिवाळींत हवेची गाळणी मीं स्वतः साफ केली होती.

मीं मालकासमोर चूक कबूल केली. मुलाची नोकरी राहिली. पण आदल्या दिवशींचे ते चौघे गृहस्थ तेथें नव्हते, आणि ते कोण हें मला ठाऊक नाहीं. कदाचित् आज ते ऐकत असतील. तो मुलगा प्रामाणिक आहे, हें त्यांनीं माझ्या तोंडून ऐकावें.

दुरुस्तीस अर्धा तासही लागला नाहीं. तुटका भाग कापून तितक्याच जाडीचा नवा तुकडा घातला, सोल्डरचा डाख दिला आणि वर उष्णतेनें आवळणारी नळी चढविली. तारा नुसत्या पिळून पट्टी गुंडाळूं नये. इंजिनाच्या उष्णतेनें पट्टी सुटते आणि दमट हवेनें तांबें हिरवें पडतें. शेवटीं संगणकांतील जुनी नोंद पुसावी.

श्रोत्यांनीं कांहीं गोष्टी लक्षांत ठेवाव्या. दोन टोकें जोडण्याचा प्रयोग फक्त दोन तारांच्या मापकावर करावा. कांहीं मोटारींत हा मापक दाबमापकाच्या किंवा हवेचें वजन करणाऱ्या यंत्राच्या पोटांत असतो व कपलरास अधिक तारा असतात. तेथें हात लावूं नये. मापकच सदोष वाटला तर तो काढून मल्टिमीटर लावावा आणि केंस वाळविण्याच्या यंत्रानें ऊन हवा द्यावी. विरोध संथपणें उतरला पाहिजे. तो अडखळला किंवा हललाच नाहीं, तर मापक खुशाल बदलावा. तसेंच वाहतुकींत अडकलेल्या मोटारींत आंकडा ५०-६० अंशांवर गेला तर तो दोष नव्हे. इंजिनाची धगच तेथें पोंचते.

आणखी एक. उणें ४० अंश हें इतकें उघड असत्य आहे कीं संगणक तें ओळखतो, दिवा लावतो आणि स्वतःच्या अंदाजानें काम भागवितो. जो मापक दहापंधरा अंशच खोटें सांगतो, त्याच्यावर मात्र संगणक विश्वास ठेवतो. दिवा बहुधा लागत नाहीं आणि पेट्रोलाचें प्रमाण चुकूं शकतें. त्यास पकडावयाचें तर सकाळच्या तीन आंकड्यांची तुलना हाच उपाय.

वही न वाचतां मीं मुलास कधीं नापास केलें नाहीं, असा माझा अभिमान होता. या वेळीं तें पथ्य मीं मोडलें. आपण तसें करूं नये, एवढें सांगून आपली रजा घेतों.