गाडीतले घोडे
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



या भाषणाचा विषय मी निवडलेला नाही. आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेले दोन महिने गाड्यांवरून जे रण माजलं होतं, त्यातून तो माझ्या गळ्यात पडला. "तू मेकॅनिकलची, त्यात इंजिनाच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर तपासतेस, मग सांग की, रोजच्या चार सिलिंडरच्या गाडीची ताकद वाढवायची कशी?" आपल्यातल्या निम्म्यांकडे पाच-सात वर्षं जुनी गाडी आहे. हप्ते फिटलेत, गाडी विकवत नाही, पण चढाला ती दमते अशी सगळ्यांची तक्रार आहे. म्हणून मी आपल्यासारख्यांचीच एक गाडी उदाहरणाला घेते. २०१८ची पेट्रोल स्विफ्ट, ११९७ सीसी, ८३ हॉर्सपॉवर. माझ्याकडेही तीच आहे.

आधी घोडा म्हणजे किती, ते पाहू. नववीत बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं, की एक अश्वशक्ती झाली. विहिरीवरची मोट डोळ्यांसमोर आणा. पाऊण क्विंटलची मोट दर सेकंदाला मीटरभर वर येतेय, असे ८३ घोडे आपल्या बॉनेटखाली आहेत. शाहू महाराजांच्या सातारकरांना एवढी पागा पुरायला हरकत नव्हती!

हे घोडे खातात काय? आपण म्हणतो पेट्रोल, पण खरं खाणं हवा आहे. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, हवा मात्र इंजिनाला स्वतः ओढून घ्यावी लागते. ११९७ सीसीचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. मिनिटाला ६००० फेरे झाले, तर सेकंदाला जवळजवळ साठ लिटर हवा आत जाते. म्हणून ताकद वाढवायचे मार्ग मोजकेच आहेत. प्रत्येक श्वासात जास्त हवा कोंबायची, श्वास जास्त वेगानं घ्यायचे, किंवा घेतलेली हवा जास्त दाबून, अचूक क्षणी ठिणगी टाकून जाळायची. बाजारात जे काही विकतात ते यातल्या एका खान्यात बसतं.

एअर फिल्टरपासून सुरुवात करू. शंकूच्या आकाराचा मोठा फिल्टर लावला की आवाज छान येतो. पण कंपनीचा स्वच्छ फिल्टर या इंजिनाला पुरेशी हवा देतोच. उघडा फिल्टर बॉनेटमधली गरम हवा ओढतो आणि गरम हवा विरळ असते. म्हणजे पैसे देऊन एखादा घोडा कमीच व्हायचा. सायलेन्सरचंही तसंच. मोकळ्या सायलेन्सरनं वरच्या फेऱ्यांना दोन-चार घोडे मिळतील, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर धूर विषारी होतो आणि शेजारपाजाऱ्यांचे शाप लागतात ते वेगळेच.

आता माझ्या धंद्याचा भाग, रीमॅप. इंजिनाच्या कंट्रोलरमध्ये पाढ्यांच्या तक्त्यासारखे तक्ते असतात. आडव्या ओळीत फेरे, उभ्या ओळीत इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. ठिणगी कधी टाकायची, पेट्रोल किती द्यायचं, हे तो आकडा ठरवतो. रीमॅप म्हणजे हे आकडे बदलणं. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात त्यातून थोडेच घोडे मिळतात, कारण आकडे बदलले तरी हवा तेवढीच राहते. याच स्विफ्टचं पाहा. २०२१मध्ये सीसी तेच ठेवून कंपनीनं इंजिन ८३वरून सुमारे ९०वर नेलं. त्यासाठी कॉम्प्रेशन वाढवलं, इंजेक्टर दुप्पट केले, दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्हची वेळ बदलती केली. एवढा खटाटोप करून मिळाले सात घोडे. मग पंधरा हजारांत वीस घोडे देतो म्हणणाऱ्याला आपण काय विचारायचं, ते तुम्हीच ठरवा.

टर्बोची गोष्ट निराळी, कारण तिथे हवा आत ढकलली जाते. रांजणगावातही जे बनायचं, ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन आपल्यातल्या बऱ्याच जणांनी चालवलंय. साध्या टर्बोवर ते ७५ घोड्यांचं होतं, आणि पाती हलणाऱ्या टर्बोवर ९०चं. ७५च्या इंजिनात हवेचा दाब आणि डिझेल वाढवून पंधराएक घोडे काढता येतात, हे खरं आहे.

आपल्याच वर्गातल्या एकाचं इथे गॅरेज आहे. त्यानं मला विचारलं, "पोरं येतात, मॅप टाकून दे म्हणतात. मी नाही म्हटलं तर पुढच्या चौकात जातात. काय सांगू त्यांना?" त्याचा प्रश्न पोटाचा आहे, म्हणून त्याचं उत्तर मी नीट देते. कंपनीनं ते पंधरा घोडे विसरून मागे ठेवलेले नाहीत. ती शिल्लक आहे. विदर्भातला मे महिना, लडाखची विरळ हवा, भेसळीचं इंधन, चुकलेली सर्व्हिसिंग, या सगळ्यांतून गाडी निभावून जावी म्हणून राखलेली. रीमॅपवाला ही शिल्लक काढून आपल्या हातात देतो. ती कुठून आली ते पुढे क्लच सांगतो, टर्बो सांगतो, कधी पिस्टन सांगतो. शिवाय वॉरंटी जाते आणि विम्याच्या दाव्यात वाद होतो. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहेच. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं. तेव्हा मित्रा, पोरांना हे सगळं सांग आणि त्यांच्याकडून सर्व्हिसिंगचं काम घे. त्यातही घोडे आहेत.

किती? आपण वाईहून पसरणी घाट चढतोय असं समजा. माणसं आणि सामान धरून गाडी बाराशे किलोची. चढ बारा मीटरला एक मीटर, वेग ताशी ६०. सेकंदाला आपण जवळजवळ १.४ मीटर वर जातो. बाईंच्या सूत्रानं हिशेब केला की फक्त वजन उचलायला २२ घोडे लागतात. हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण यांना आणखी सहा. एकूण २८. चौथ्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन साधारण २१०० फेरे करतं आणि तिथे त्याच्याकडे जेमतेम ३० घोडे असतात. म्हणून गाडी दमल्यासारखी वाटते. तिसरा टाका, ४३ होतात. दुसरा टाका, ४२०० फेऱ्यांना ६७ होतात. चौथ्यातून दुसऱ्यात आलो की ३७ घोडे वाढले, एक रुपया न घालता! माझे आकडे अंदाजे आहेत, पण दोन-चार घोड्यांच्या फरकानं निष्कर्ष बदलत नाही. इंजिन ओरडलं की आपला जीव कळवळतो, म्हणून आपण चौथा सोडत नाही. त्या इंजिनाची लाल रेघ ६०००च्या पुढे आहे, ४२००ला त्याला काही होत नाही.

महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत हवाच बारा टक्के विरळ होते, म्हणजे ८३पैकी दहा घोडे वाटेतच राहतात. ते सगळ्यांचेच राहतात, त्यात गाडीचा दोष नाही. उरलेले आपण गमावतो ते तुंबलेल्या फिल्टरला, झिजलेल्या स्पार्क प्लगला, घसरणाऱ्या क्लचला, कमी हवेच्या टायरला आणि चिकटलेल्या ब्रेकला. गाडी जॅकवर घ्या, चाक हातानं फिरवा. अडखळत फिरलं, तर तुमचे घोडे तिथे बांधलेले आहेत. डिकीतलं वर्षानुवर्षांचं सामान काढा. ओव्हरटेक करण्याआधी काही सेकंद एसी बंद करा.

माझ्या मनातली खरी गोष्ट आता सांगते. ताकद हवी असं आपल्याला वाटतं कधी? दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर पुढे असतो, समोरून एसटी दिसते, आणि गाडी हवी तशी उचलत नाही. त्या क्षणी पोटात जो गोळा येतो, त्याच्यावर आपण औषध शोधत असतो. दहा घोडे जास्त असते, तर ती एसटी काही थांबली नसती. आपण मात्र आणखी थोडं धाडस केलं असतं. म्हणून ताकदीसाठी बाजूला काढलेला पैसा मी चार चांगल्या टायरांत आणि ब्रेकच्या पॅडमध्ये घातला. माझ्या मुलीच्या हातात यंदा शिकाऊ लायसन्स आलंय. तिला मी पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शिकवल्या. ओव्हरटेक करायच्या आधी गिअर खाली आणायचा, आणि पुढचा रस्ता दिसत नसेल तर ट्रॅक्टरमागे निवांत गाणी ऐकायची.

ज्यांना तरीही जास्त घोडे हवेत, त्यांनी पुढची गाडी मोठ्या इंजिनाची किंवा टर्बोची घ्यावी. तिचे क्लच, ब्रेक, सगळं त्या ताकदीच्या मापाचं असतं. मात्र चार सिलिंडरच हवेत असा हट्ट धरू नका. २०२४ची नवी स्विफ्ट तीन सिलिंडरची आहे, ८२ घोड्यांची, आणि तीही मजेत चढ चढते.

आज आपल्यातले कित्येक जण संध्याकाळी पुण्या-मुंबईला परत निघतील. वाटेत पहिल्या पंपावर टायरची हवा तपासा. समोर लांब चढ दिसला की लाजू नका, गिअर खाली घ्या. घरी पोहोचलात की ग्रुपवर एक ओळ टाका, म्हणजे आम्ही निर्धास्त झोपू.