विम्याचा कागद आणि सातबारा
(बीड जिल्ह्यातील वाहनमालक कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पुढचे चार-पाच महिने ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्री-बेरात्री उसाची वाहतूक चालते. ट्रॅक्टर एकाचा, त्यावरील कर्ज बँकेचे, चालक रोजाचा आणि टोळी मुकादमाची. या साऱ्या व्यवहारात एक कागद असा असतो की, हप्ता भरल्यानंतर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तो म्हणजे विम्याची पॉलिसी. चालकाने मद्यप्राशन केले असेल, तर हा कागद कोणाला तारतो आणि कोणाला वाऱ्यावर सोडतो, एवढाच आजचा विषय आहे.

"विमा आहे ना, कंपनी बघून घेईल," हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे.

खरा अर्धा भाग आधी पाहू. वाहनाचा त्रयस्थ-पक्ष विमा सक्तीचा करणाऱ्या तरतुदी आपल्याकडे १ जुलै १९४६ पासून लागू झाल्या. आज हीच सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये आहे. तिचा हेतू मालकाची सोय हा नव्हे. रस्त्यावर चिरडल्या गेलेल्या निरपराध माणसाच्या घरी भरपाई पोहोचावी, हा तो हेतू आहे. पॉलिसीचा करार मालक आणि कंपनी यांच्यातला. मृताची विधवा त्यात पक्षकार नसते. मग मालकाने अट मोडली म्हणून तिने उपाशी का राहावे? या न्यायबुद्धीतून न्यायालयांनी एक रीत रूढ केली : कंपनीने आधी भरपाई द्यावी, नंतर ती मालकाकडून वसूल करावी. मद्यधुंद चालकाच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हेच सांगितले.

लोक विसरतात तो भाग या 'नंतर'मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नंजप्पन प्रकरणात स्पष्ट केले की, अशा वसुलीसाठी कंपनीला वेगळा दावा लावण्याची गरज नाही. त्याच निवाड्याच्या आधारे तिला थेट अंमलबजावणीची कारवाई करता येते. शिवाय कलम १७४ प्रमाणे निवाड्याची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याचे प्रमाणपत्र न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू शकते. महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ज्या सातबाऱ्यावर ट्रॅक्टरचे कर्ज आहे, त्याच सातबाऱ्यावर हा दुसरा बोजा चढतो.

रक्कम किती, याचाही अंदाज असावा. समजा, मृत मजूर तीस वर्षांचा आहे, महिन्याला बारा हजार कमावतो आणि त्याच्या मागे चार-पाच माणसे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या हिशेबाप्रमाणे भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा आणि वार्षिक रकमेला सतराने गुणायचे. उत्तर येते २५ लाख ७० हजार ४०० रुपये. व्याज आणि अन्य रकमा वेगळ्या. कोरडवाहू चार एकरांत हे फेडायला किती पिढ्या लागतील, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पूर्वी कंपन्यांच्या मार्गात एक अडचण होती. कायद्याने त्यांना दिलेल्या बचावांच्या यादीत मद्यपानाचा उल्लेखच नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीने तो आला, आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १५० मध्ये कलम १८५ खालील मद्यपान हा पॉलिसीच्या अटीचा भंग म्हणून स्पष्ट नोंदवला गेला. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क, ही त्याची मर्यादा.

आणि पिणाऱ्याच्या स्वतःच्या घराचे काय? येथे तर 'आधी देणे'ही नाही. गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसीच नाकारते. मालक-चालकासाठी असलेले पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही नशेत झालेल्या अपघाताला लागू होत नाही. याच जिल्ह्याच्या लोकनेत्याचे नाव असलेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूनंतर दोन लाखांचे साहाय्य मिळते. अंमली पदार्थांच्या अंमलाखालील अपघात तिनेही वगळला आहे. मुंडे स्वतः ३ जून २०१४ रोजी दिल्लीत रस्ते अपघातात गेले. तेथे मद्याचा काही संबंध नव्हता, पण कर्ता माणूस रस्त्यावर गेला म्हणजे काय होते, हे बीडने पाहिले आहे. नशेत गेलेल्याच्या पत्नीला ना कंपनीचे पैसे, ना शासनाचे. आणि गाडी पतीच्या नावावर असली, तर समोरच्याची भरपाईही त्याने मागे ठेवलेल्या शेतातूनच जाते. ज्याने काही गुन्हा केला नाही, अशा घराला दोन्ही बाजूंनी मार बसतो.

"रक्त तपासलेच नाही, मग सिद्ध कसे करणार?" असा हुशारीचा प्रश्न काही जण विचारतात. कायद्यानुसार अशा अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, आणि आडरानातील अपघातात ती अनेकदा होत नाही, हे खरे. परंतु २००७ च्या डिसेंबरात दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे गाडी आदळून निकामी झाली, तेव्हा रक्तातील प्रमाणाचा आकडा उपलब्ध नव्हता. दाव्याचा वाद सुमारे तेरा वर्षे चालला आणि एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. वैद्यकीय नोंदीतील दारूचा वास आणि अपघाताची एकंदर परिस्थिती न्यायालयाला पुरेशी वाटली. उलट बाजूने, मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. हा अहवाल किती मोलाचा असतो, हे त्यावरून कळावे.

मालकाला बचाव अजिबात नाही, असेही नाही. २००४ च्या स्वर्णसिंग निकालात प्रश्न परवान्याचा होता, पण तत्त्व व्यापक आहे : अट मोडल्याचे आणि त्यात मालकाचा हलगर्जीपणा असल्याचे कंपनीने सिद्ध केले पाहिजे. म्हणून चालक कसा निवडला, तो पितो हे ठाऊक होते का, त्या रात्री चावी कोणी दिली, हे प्रश्न साक्षीत येतात. त्यांची उत्तरे द्यायला मालक मात्र हजर हवा. न्यायाधिकरणाची नोटीस 'कंपनीचा वकील आहेच' असे समजून कपाटात ठेवली जाते. वास्तविक कंपनीचा वकील कंपनीचाच असतो, आणि वसुलीचा हक्क मिळवणे हेच तेथे त्याचे काम असते. मालक गैरहजर राहिला की निकाल एकतर्फी होतो. बीड, अंबाजोगाई वा माजलगावच्या न्यायालयातून अशी नोटीस आली, तर पहिल्याच तारखेला स्वतःचा वकील उभा करावा आणि चालकाचा परवाना, पॉलिसीची प्रत व गुन्ह्याची कागदपत्रे सोबत न्यावीत.