मोजलेली वाटी



अध्यक्षाने आधी उपदेश करायचा असतो. तो मी टाळतो आणि थेट शाळेच्या स्वयंपाकघरात शिरतो.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ धरलेली असते. सहावी ते आठवीला 150 आणि 30. हे माप आपण साठ्याच्या नोंदवहीसाठी पाठ करतो. टाइप 1 मधुमेहाच्या मुलासाठी मात्र तो औषधाइतकाच महत्त्वाचा आकडा आहे. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदके, डाळीची वर दहा-बारा; ताट झालं नव्वदच्या आसपास. खेड्यातली बरीच मुलं सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन घेतात. दुपारी सुई नसते, पण सकाळचं इन्सुलिन तेव्हा अंगात काम करत असतं. खिचडी उशिरा आली की साखर उतरते, आणि ‘बिचारं आजारी आहे’ म्हणून दोन डाव जास्त वाढले की चढते. डोस डॉक्टर ठरवतात, मान्य. पण पोर किती जेवतं हा आकडा त्यांना कोण सांगणार? माझं म्हणणं असं, की तो पोरानेच सांगावा. त्यासाठी त्याला चुलीपाशी बसवा.

हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्थाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. त्यात आईचा दोष नाही, पोराचाही नाही. 11 जानेवारी 1922 रोजी टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांवर उपचार म्हणजे जवळजवळ उपासमार. इन्सुलिन येऊन शंभर वर्षं उलटली, तरी आपल्याकडचं पथ्य अजून त्याच वळणाचं: भात बंद, केळं बंद, सणाचं ताट बंद. वाढत्या अंगाच्या पोराला अन्न तोडायचं नसतं, मोजायचं असतं.

नाचणीचंच घ्या. ‘भात नको, नाचणी चालते’ हे आपण इतकं ऐकतो की ते खरं वाटू लागतं. 50 ग्रॅम तांदळाच्या पिठात सुमारे 39 ग्रॅम कर्बोदके, नाचणीच्या तेवढ्याच पिठात 33 च्या आसपास. नाचणीत तंतू जास्त, कॅल्शियम तर कितीतरी जास्त, जरूर खावी. पण ‘चालते’ म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर इन्सुलिन चारांचंच लागेल. म्हणून भाकरी थापण्याआधी पीठ वाटीने घ्यायचं, वर आलेलं बोटाने सपाट करायचं. उकड आईने काढावी, हात भाजतो. मळणं आणि थापणं पोराने करावं. आपली वाटी किती ग्रॅमची, हे एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर पाहून ठेवलं की झालं.

आणि वाल! रायगडात राहून वाल शिकवायचे नाहीत तर काय शिकवायचं? रात्री भिजत घालायचे, सकाळी फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे. सोलायला दहा वर्षांचं पोर उत्तम. प्रथिनं भरपूर, आणि साखर भातापेक्षा हळू चढते. भाताची वाटी थोडी आटोक्यात ठेवून या वालांच्या बिरड्याची वाढवली, तर जेवण पोटभर होतं आणि ते गावचंच असतं. वडापाव? कर्जत स्टेशनवर उतरून तो न खाणारं पोर मला दाखवा. खावा, पण पावही मोजावा.

‘मुलगा आणि भाकऱ्या थापणार?’ असं एखादी आजी विचारतेच. थापणार, आजी. मधुमेह मुलगा-मुलगी पाहून येत नाही.

दिवाळीनंतर इथली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. शाळा सुटते, खिचडी सुटते, आशाताई लांब राहते. फ्रीज तर घरीही नव्हता. इन्सुलिनची बाटली डबीत बंद करून गार पाण्याच्या मडक्यात ठेवावी लागते. तिथे पोराबरोबर जातं ते त्याच्या हाताला आलेलं कसबच. छत्रपती संभाजीनगरची ‘उडान’ संस्था टाइप 1 च्या मुलांसाठी वर्षानुवर्षं काम करते आहे. पुण्या-मुंबईतही चांगली केंद्रं आहेत. पण रायगडातल्या आपल्या कळंबहून तिथे जाऊन यायचं तर मजुरीचा दिवस बुडतो. म्हणून हे शिक्षण इथेच, आपल्या चुलीवर व्हायला हवं.

तेव्हा मुख्याध्यापकांना आणि स्वयंपाकी तायांना माझी विनंती. असं मूल शाळेत असेल तर त्याची खिचडी ठरल्या वेळी, ठरल्या वाटीने वाढा, आणि वाटी त्याच्या हातात द्या. प्रत्येक वर्गात साखरेची डबी ठेवा. मूल थरथरलं, घामेजलं, साखर 70 च्या खाली आली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखाना गाठा. साखरेच्या डबीला सरकारी मंजुरी लागत नाही. ती उद्याच ठेवा.