ताप उतरल्यावरची काळजी



मी सातवी शिकलेली गृहिणी. परंतु दुखणेकऱ्याच्या उशाशी आपणच बसतो, म्हणून डेंग्यूविषयी चार शब्द बोलते.

हा ताप पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी भांड्याच्या आतल्या बाजूस अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही काही महिने टिकतात. म्हणून पिंप नुसते उपडे करून भागत नाही. आठवड्यातून एकदा घासून, वाळवून मगच भरावे.

आता मुख्य गोष्ट. साधारण 3 ते 7 दिवसांत ताप उतरतो. आपल्याला हायसे वाटते आणि दुखणेकरी बाईच असली तर ती लगेच पदर खोचून ओट्यापाशी उभी राहते. पण खरा धोका तेव्हाच असतो! पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, यांपैकी एक जरी दिसले तरी रात्र-अपरात्र न पाहता दवाखाना गाठावा. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये. त्याने रक्तस्रावाची भीती वाढते. पेज, सरबत थोडेथोडे पाजत राहावे.

डेंग्यूचे 4 प्रकार आहेत. एकदा होऊन गेला म्हणून निश्चिंत राहू नये. दुसऱ्या खेपेस तो अधिक जड जाऊ शकतो.

भगिनींनो, घरच्यांची आजारपणे आपण काढतो. तशी स्वतःचीही काळजी घ्या. ताप उतरल्यावर निदान दोन दिवस अंथरूण सोडू नका. तेवढ्या पोळ्या शेजारीण लाटील. नाही तर मंडळ कशासाठी?