चावायची की गिळायची?

(कोल्हापूर परिसरातील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



गोळीसारख्या बारीक गोष्टीवर काय भाषण करायचं, असं कुणाला वाटेल. पण लाल गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या घराघरातल्या डब्यांत पडून असतात. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तपांढरी आढळली. लोहाच्या गोळ्या वाटण्याचा सरकारी कार्यक्रम तर १९७० पासूनचा. मग गोळ्या पोटात का जात नाहीत? "बायका अडाणी, ऐकत नाहीत," हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलं आहे. मला ते मान्य नाही.

बायकांना विचारलं की त्या सांगतात, गोळी घशात अडकते. अडकणारच, घोटभर पाण्याबरोबर घेतली तर. यंत्रमागावर किंवा उसाच्या फडात दिवस काढणारी बाई जास्त पाणी पीतच नाही. प्यायलं तर लघवीला जायचं कुठं? पेलाभर पाणी प्यायला आधी आडोसा लागतो. यात तिचा अडाणीपणा कुठं आला?

अडकते म्हणून मग ती चावली जाते. लोहाच्या गोळीवरचं आवरण चव झाकण्यासाठी असतं. चावली की तोंडाला गंज लागल्यासारखं होतं, दातांवर डाग पडतात, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी डब्यात जाते. ही गोळी गिळायचीच. बसून, भरपूर पाण्याबरोबर. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर. चहाबरोबर नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा चालतो. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. गिळणं जमतच नसेल तर डॉक्टरांकडे पातळ औषध मागा.

कॅल्शियमचं निराळं. त्याच्या चावायच्या गोळ्या मिळतात, क जीवनसत्त्वाच्याही. गिळता न येणाऱ्या म्हाताऱ्या सासवांना त्या सोयीच्या. पण चावायची गोळी जास्त ताकदीची, हा गैरसमज आहे. तो गोडवा बऱ्याचदा साखरेचा असतो. मधुमेह असेल तर विचारून घ्या. वेष्टनावर चावून खायला सांगितलं असेल तीच चावायची. आता ती अक्षरं इंग्रजीत आणि मुंगीएवढी, हा वेगळ्या भांडणाचा विषय! गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही देतात. ती एकदम घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. एवढंसं सांगणं नेमकं राहून जातं.

आणखी एक. लाल गोळी वरून गोड लागते, पोरं ती खाऊ समजून खातात. बऱ्याच गोळ्या एकदम पोटात गेल्या तर मूल दगावू शकतं. उंच फळीवर ठेवा, आणि खाल्ल्याच तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठा.

आशाताई पुढच्या वेळी गोळ्या देतील तेव्हा विचारा: कशाची, चावायची की गिळायची, कधी घ्यायची? हे विचारणं आपला हक्क आहे. आणि मागांच्या शेडमध्ये बायकांसाठी संडास आणि पिण्याचं पाणी हवं, असा अर्ज लिहून ठेवला आहे. जाताना त्यावर सही करून जा.