ठिणगी केव्हा पडावी?

मोटारीच्या इंजिनात ठिणगी पडते हे सर्वांस ठाऊक आहे. ती केव्हा पडते, याची चौकशी आपण करतो ती बहुधा गाडी रुसल्यावर! माझीही गोष्ट तशीच.

आमच्या अमळनेरात जुन्या मारुती व्हॅन अजून दृष्टीस पडतात. तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे चिमुकले इंजिन. माझ्या व्हॅनला गॅसकिट बसवले होते. (मोटारीत असा गॅस वापरण्यास कायद्याने मुभा आहे, मात्र किट मान्यताप्राप्त हवे आणि त्याची नोंद आरटीओत हवी. स्वयंपाकाचे सिलिंडर गाडीला जोडणे हा वेडेपणा, आणि गुन्हाही.) "सर, गॅसवर गाडी मार खाते. टायमिंग थोडं पुढं घेतो," मिस्त्री म्हणाला. घेतले, आणि गाडी खरोखरच पळू लागली.

पुढे मे महिन्यात आईला डोळे दाखवायला नाशिकला निघालो. धुळे मागे पडले आणि लळिंगच्या चढावर गॅस संपला. पेट्रोलवर घेतली, तो आतून खटखट, जणू डब्यात खडे! दवाखान्याची वेळ चुकेल म्हणून तशीच दामटली. वेळेवर पोचलो खरे, पण आठवड्याने इंजिन उघडले तेव्हा एका पिस्टनची कड घुशीने कुरतडावी तशी झाली होती.

असे का व्हावे? ठिणगी पडली म्हणजे सगळे मिश्रण एकदम पेटत नाही. ज्वाळा पसरायला वेळ लागतो. तो ढोबळमानाने सेकंदाचा पाचशेवा भाग धरू. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर तेवढ्यात क्रँक १२ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना ३६ अंश. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते, आणि वेग वाढला की अधिकच आधी. ही वाढती आघाडी डिस्ट्रिब्युटर आपोआप सांभाळतो. आपण ठरवायचा तो प्रारंभ.

ठिणगी फारच लवकर पडली, तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो आणि कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपणहून भडकते. तीच ती खटखट. गॅसचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर, पेट्रोलचा नव्वदीच्या घरात. गॅसला सोसते ते पेट्रोलला सोसेलच असे नाही. त्यात खानदेशचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा आणि भरलेली गाडी!

तेव्हा टायमिंग लावावे ते पेट्रोलच्या मानाने. आधी पॉइंटची फट नीट करावी, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते. मग टायमिंग लाइट लावून कंपनीने दिलेल्या खुणेवर आणावे. बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या उलट दिशेला सरकवला की ठिणगी लवकर पडते, रोटरच्या दिशेला सरकवला की उशिरा. आघाडी द्यायचीच तर एकेक अंश, आणि दर वेळी पेट्रोलवर, माणसे बसवून, चढावर पाहावे. खटखट आली की मागे घ्यावे. फार मागे गेले तर मात्र इंजिन तापते, ओढ जाते आणि इंधन जास्त लागते.

गॅसवर चालताना तेवढी जादा आघाडी देणारे इलेक्ट्रॉनिक उपकरणही मिळते. "सर, ते बसवून टाकू का?" मिस्त्रीने विचारले. मी म्हटले, "भाऊ, आधी पिस्टन बसव!"